डॉल्फिनांचे वितरण

डॉल्फिनांचे वितरण : सीटॅसिया (तिमिगण) या गणातील दात असलेल्या, लहान व मध्यम आकारमानाच्या सस्तन प्राण्यांना डॉल्फिन ही संज्ञा लावतात. बाह्य आकार माशासारखा असला, तरी ते मासे नव्हेत. ते फुप्फुसांनी श्वसन करतात, त्यांचे रक्त उष्ण असते, मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते व ती त्याला अंगावर पाजते. जमिनीवरील खुरी प्राण्यांच्या एका शाखेपासून सु. पाच कोटी वर्षांपूर्वी तिमिगणाचा उगम झाला असून त्याचे काही महत्त्वाचे जीवाश्म (शिळारूप अवशेष) कच्छ व काश्मीर या प्रदेशांत सापडले आहेत [→ देवमासा]. सागरी डॉल्फिनांच्या डेल्फिनिडी कुलात चाळिसाच्या आसपास जाती आहेत. नद्यांतील डॉल्फिन वेगळ्या कुलांत मोडतात.

समुद्राला कुंपण नाही. ताशी २५–३० किमी. वेगाने पोहू शकणाऱ्या प्राण्याला मुंबईहून मालवणास जाणे हे एक-दोन दिवसांचे काम आहे. असे असूनही डॉल्फिनांची प्रत्येक जाती समुद्राच्या ठराविक भागातच आढळते आणि पुष्कळदा त्या जातीतील एखादा प्राणी वर्षानुवर्षे त्याच दोन-तीन खाड्यांच्या परिसरात दिसत राहतो. हे बंधन भक्ष्य, अधिवास व समूहजीवन या तीन गोष्टींनी पडलेले असते. त्यांस चौथी गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे त्या जातीचा भूवैज्ञानिक काळातील इतिहास. नद्यांतील डॉल्फिनांच्या बाबतीत तीच सर्वांत निर्णायक ठरली आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील उदाहरण घेऊन या कारणांचा विचार केला आहे.

कोकण किनाऱ्यावरील डॉल्फिन : कोकणच्या किनाऱ्यावरून जो डॉल्फिन सामान्यतः दिसतो व ज्याला मालवणी मच्छीमार ‘गादा’ म्हणतात, त्याचे शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया असे आहे. याच्या पाठीच्या मध्यभागी बैलाच्या वशिंडासारखा लांबट उंचवटा असतो व त्यावर लहानसा पृष्ठपक्ष (पाठीवरील पर) बसविल्यासारखा दिसतो. यावरूनच त्याला हंपबॅक डॉल्फिन हे नाव पडले आहे. रंग शिशासारखा करडा असतो. ‘प्लंबिया’ या जातिवाचक नावाचा अर्थही तोच आहे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याची लांबी २.५ ते २.८ मी. व वजन सु. २०० ते २५० किग्रॅ. असते. फ्रेंच शास्त्रज्ञ झॉर्झ क्यूव्हये यांनी १८२९ मध्ये या जातीचे वर्णन केले, ते मलबार किनाऱ्यावरून द्यूस्यूम्ये यांनी मिळविलेल्या नमुन्यावरून; म्हणजे शास्त्राला या प्राण्याची ओळख भारताच्या पश्चिम किनाऱ्यानेच करून दिली. मध्यंतरी दीर्घकाळ त्याचा समावेश चीनच्या किनाऱ्यावरील सूसा चायनेन्सिस या जातीत केला जात असे. २०१४ मध्ये या प्रजातीची फेरमांडणी होऊन तिच्या चार जाती मानण्यात आल्या व सूसा प्लंबिया ही पुन्हा स्वतंत्र जाती ठरली. दक्षिण आफ्रिकेपासून अरबी समुद्राच्या कडेकडेने बंगालच्या उपसागरापर्यंत तिचा आढळ आहे.

या आढळाचा नकाशा काढावयाचा झाल्यास तो एखाद्या रेषेसारखा दिसेल. लांबी हजारो किमी., पण रुंदी अगदी थोडी. २५ मी. हून अधिक खोल पाण्यात हा डॉल्फिन क्वचितच जातो. कोकणात ही खोली किनाऱ्यापासून काही किमी. अंतरावरच येते. भारताचा पश्चिमेकडील सागरमग्न खंडभूमीचा भाग मुंबईसमोर फार रुंद आहे व दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. परंतु या विस्तीर्ण उथळ समुद्रापैकी अगदी काठाची पट्टी तेवढीच गाद्याने आपली मानली आहे. त्या पट्टीतही तो सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. सावित्री (बाणकोट), वासिष्ठी (दाभोळ), शास्त्री (जयगड), कर्ली (देवबाग) यांसारख्या नद्यांची मुखे, खाड्यांबाहेरील वाळूचे दांडे, खडकाळ भूशिरांची आतली बाजू अशा जागी तो अधिक दिसतो व सरळ, मोकळ्या किनाऱ्यावर कमी दिसतो.

भक्ष्य : याचे पहिले कारण अन्न हे होय. उष्ण रक्ताच्या प्राण्याला पाण्यात शरीराचे तापमान टिकविण्यासाठी पुष्कळ ऊर्जा लागते, कारण पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता काढून घेते. डॉल्फिनाला दररोज स्वतःच्या वजनाच्या सु. ४ ते ६ टक्के अन्न लागते; म्हणजे २०० किग्रॅ. वजनाच्या गाद्याला रोज साधारणपणे ८ ते १२ किग्रॅ. मासे मिळालेच पाहिजेत. माणसाप्रमाणे धान्याचे कणगे भरून ठेवण्याची सोय त्याला नाही. त्वचेखालील चरबीचा थर हाच काय तो साठा, आणि उष्ण कटिबंधातील जातींत तो फारसा जाड नसतो. त्यामुळे वर्षातून एकदा प्रचंड प्रमाणात मासे मिळणाऱ्या जागेपेक्षा रोज थोडे थोडे पण हमखास मिळणारी जागा त्याला अधिक उपयोगी पडते.

नदीचे मुख ही अशी जागा आहे. सह्याद्रीवरून पावसाळ्यात वाहून येणारा गाळ व त्यातील पोषक द्रव्ये यांवर वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतात, त्यांवर तारली, पेडवे, मांदेली यांसारखे लहान मासे जगतात आणि त्यांच्या मागे मोठे मासे येतात. खाडीतील खारफुटीच्या मुळांत बोय, कोळंबी इत्यादींची पिले वाढतात व मोठी होऊन बाहेर पडतात. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी अरुंद मुखातून जोराने बाहेर पडू लागले, की त्याबरोबर मासेही एका ठिकाणी कोंडले जातात. गाद्यांची टोळी नेमकी अशा वेळी मुखाशी हजर असल्याचे अनेकदा आढळते. बोय, ढोमा, तारली, बांगडा व माकूल हे त्याचे प्रमुख खाद्य होय. यांपैकी ढोमा हा तळाशी राहणारा व आवाज काढणारा मासा आहे. त्याचा तो आवाजच डॉल्फिनाला त्याचा ठावठिकाणा सांगत असावा, असे काही अभ्यासक मानतात.

भक्ष्य बदलले की हालचालीही बदलतात. पावसाळा संपल्यावर बांगडा व तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात, त्या वेळी गाद्यांच्या टोळ्या मोठ्या होतात. रापणकरांच्या दृष्टीने हाच हंगाम असतो, आणि समुद्रात कोठे गादे उसळत आहेत हे पाहून मासळी कोठे आहे याचा अंदाज बांधणारे जुने मच्छीमार कोकणात आजही आहेत. तारलीचे उत्पादन मात्र वर्षावर्षाला फार कमीजास्त होते. एखाद्या वर्षी तारली आली नाही, तर गादे खाडीतील बोय व ढोमा यांवर भागवितात. खाद्यातील ही लवचिकता नसती, तर एवढ्या अरुंद पट्टीत टिकून राहणे त्यांना शक्य झाले नसते.

अधिवास : खाडीचे पाणी गढूळ असते व त्यात एक-दोन मीटरांपलीकडे दिसत नाही. येथे डोळ्यांचा उपयोग थोडा. डॉल्फिन अतिशय उच्च कंप्रतेचे ध्वनी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून भक्ष्याचे अंतर, आकार व हालचाल ओळखतो. ध्वनीचा वेग पाण्यात सेकंदाला सु. १,५०० मी., म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. गढूळपणाचा या साधनावर परिणाम होत नाही. उलट मासे व शार्क यांची दृष्टी निष्प्रभ होत असल्यामुळे त्याचा लाभच होतो. पिलांच्या सुरक्षिततेसाठी उथळ पाणी विशेष महत्त्वाचे आहे. मोठे शार्क खोल पाण्यातून, खालून हल्ला करतात. जेथे खाली जागाच नाही, तेथे तशा हल्ल्याची शक्यता कमी होते. पिले बरोबर असलेल्या माद्या काठाच्या अगदी जवळ, शांत उपसागरांत राहतात, त्याचे हे एक कारण आहे.

एकाच समुद्रात निरनिराळ्या जाती कशा सामावतात, हेही येथे पाहता येते. काठालगत परंतु गाद्यापासून बहुधा दूर राहून शिंशुक (निओफोसीना फोसीनॉयडिस, मराठी नाव भुलगा) वावरते. त्याला पृष्ठपक्ष नसतो, लांबी सु. १.५ मी. असते, ते एकएकटे किंवा दोन-तीनच्या गटाने फिरते आणि पाण्याबाहेर उडी मारीत नाही. कोळंबी, माकूल व लहान मासे हे त्याचे अन्न. मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत वाहून येणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यांत ते वारंवार असते. जिवंतपणी मात्र किनाऱ्यावरच्या माणसालाही ते क्वचितच दिसते. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात शेकड्यांच्या संख्येने हिंडणारा स्पिनर डॉल्फिन (स्टेनेला लाँगिरोस्ट्रिस) याची रीत अगदी वेगळी आहे. खोल समुद्रातील लहान मासे व माकूल रात्री वर येतात तेव्हा तो त्यांची शिकार करतो. हवाई बेटांच्या परिसरात हीच जाती रात्रभर बाहेर शिकार करून दिवसा उथळ, वाळूच्या उपसागरांत विश्रांतीस येते. पांढरी वाळू निवडण्याचे कारण असे, की तीवर शार्कची आकृती चटकन उमटून दिसते. अर्थात अन्न एकीकडे व विश्रांती दुसरीकडे अशी विभागणी असली, तर त्या जातीच्या रक्षणासाठी दोन्ही जागांचा विचार करावा लागतो.

समूहजीवन : केवळ अन्न व पाण्याची खोली यांवरून वितरणाचा उलगडा होत नाही. सारख्याच दिसणाऱ्या दोन खाड्यांपैकी एकीत गादे नेहमी असतात व दुसरीत नसतात, असे घडते. याचे उत्तर बव्हंशी त्यांच्या समूहजीवनात आहे. गाद्यांच्या टोळ्या स्थिर कुटुंबासारख्या नसतात. सकाळी चार जण एकत्र असतील, दुपारी त्यांत आणखी सहा मिळतील व संध्याकाळी दोन वेगळे होतील. ही जुळणी-फुटणी अन्नाच्या प्रमाणानुसार होते. विखुरलेले मासे थोड्यांनी शोधणे सोयीचे असते, तर दाट थवा घेरण्यासाठी अधिक जणांची गरज लागते. तथापि मायलेकरांचे नाते घट्ट असते. गर्भावधी १० ते १२ महिने असून पिलू दोन-तीन वर्षे मातेबरोबर राहते आणि मादीला पुढचे पिलू साधारणपणे तीन वर्षांनी होते. या काळात भरती-ओहोटीच्या वेळा, मासे कोंडण्याच्या जागा, धोक्याची ठिकाणे यांचे ज्ञान पिलाला मिळते. हे ज्ञान त्या खाडीपुरते असते. वाडवडिलांच्या शेतातील पाणी कोठे साचते हे शेतकऱ्याला ठाऊक असते, परंतु परक्या गावी त्याचा उपयोग होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

शिकारीची रीत पिढीजात असू शकते, याचे उत्तम पुरावे इतर देशांत मिळाले आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरात काही बॉटलनोज डॉल्फिन समुद्रतळावरील स्पंज तोडून तो चोचीवर टोपीसारखा धरतात व त्याने तळ उकरून लपलेले मासे बाहेर काढतात. ही युक्ती मुख्यतः मातेकडून मुलीकडे जाते आणि ती वापरणारे प्राणी स्पंज असलेल्या खोल वाहिन्यांतच राहतात. ब्राझीलमधील लागूना येथे डॉल्फिन बोय माशांचे थवे मच्छीमारांच्या दिशेने हाकलतात. डॉल्फिनाने विशिष्ट हालचाल केली की मच्छीमार पाग टाकतात व दोघांनाही मासे मिळतात. तेथील सर्वच डॉल्फिन हे करीत नाहीत. जे करतात ते त्या भागातच वावरतात. ब्रह्मदेशातील इरावती नदीतही माणूस व डॉल्फिन यांच्यातील असे सहकार्य प्रसिद्ध आहे. डेल्फिनिडी कुलातीलच किलर व्हेल हे तर टोकाचे उदाहरण होय. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर त्यांचे दोन समाज एकाच पाण्यात राहतात. एक सामन माशांवर जगतो, दुसरा सील व इतर सस्तन प्राण्यांवर. दोघांच्या टोळ्यांचा आकार, आवाज व फिरण्याच्या वाटा भिन्न असून त्यांच्यात संकर होत नाही. येथे सवयीनेच सीमा आखली आहे.

नद्यांतील डॉल्फिन व वर्धा नदी : गंगा व ब्रह्मपुत्रा या नद्यांत व त्यांच्या उपनद्यांत सुसू (प्लॅटॅनिस्टा गँजेटिका) हा डॉल्फिन आढळतो. तो जवळजवळ अंध असून पुष्कळदा कुशीवर पोहतो. सिंधू नदीतील डॉल्फिन ही २०२१ पासून वेगळी जाती मानली जाते. भारतात ती बिआस नदीत अत्यल्प संख्येने उरली आहे. सुसूला भारत सरकारने २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर प्राणी म्हणून घोषित केले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार भारतातील नद्यांत एकूण ६,३२७ डॉल्फिन असून त्यांपैकी ३ वगळता सर्व गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतील आहेत.

अमरावती जिल्ह्यातील वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न सहज येईल. तिवसा तालुक्याच्या पूर्व सीमेवरून, कौंडण्यपूरच्या पायथ्याशी वाहणारी वर्धा नदी पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता होते व प्राणहिता गोदावरीत जाते. इतक्या मोठ्या नदीप्रणालीत डॉल्फिन का नाही? सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाकडे बोट दाखविता येणार नाही, कारण ते अलीकडचे आहे. पहिले उत्तर पाण्याचे सुचते. वर्धा पावसाळ्यात दुथडी भरून वाहते, पण वैशाखात तिचे डोहच तेवढे उरतात व मधल्या पात्रातून माणसे पायी जातात. दोन-अडीच मीटरांच्या व श्वासासाठी सतत वर येणाऱ्या प्राण्याला वर्षातील चार महिने डोहात कोंडून घेणे परवडणारे नाही. गंगेला हिमालयातील बर्फाचे पाणी मिळते. तिच्या वळणांवर व संगमांवर आवर्त निर्माण होऊन तेथे मासे साठतात आणि सुसू नेमका तेथेच राहतो.

परंतु हे उत्तर पुरेसे नाही. चंबळ नदीचा उगम माळव्याच्या पठारावर होतो, तिला बर्फाचे पाणी मिळत नाही, तरीही तिच्या खालच्या भागात सुसू आहे. तो तेथे आहे याचे कारण चंबळ यमुनेस मिळते. अधिक मूलभूत कारण इतिहासात शोधावे लागते. मध्यनूतन (मायोसीन) काळात समुद्राची पातळी उंच असताना सिंधू-गंगेच्या सखल प्रदेशात उथळ समुद्र शिरला होता व त्यातील डॉल्फिनांचे वंशज समुद्र मागे हटल्यावर नद्यांत राहिले, असे मानतात. दख्खनच्या कठीण खडकांवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात तसा समुद्र त्या काळी शिरला नाही. म्हणून वर्धेत डॉल्फिन नाहीसा झाला असे म्हणण्यापेक्षा तो तेथे कधी पोहोचलाच नाही, असे म्हणणे सयुक्तिक होईल. पूर्व किनाऱ्यावर ओडिशातील चिल्का सरोवरात सु. दीडशे इरावती डॉल्फिन आहेत, पण तो समुद्राशी जोडलेला खारा जलाशय आहे.

मानवी हस्तक्षेप : कोकणच्या पट्टीत गाद्याबरोबर मच्छीमारही राहतो, आणि दोघांची खोली, हंगाम व मासे हे सर्व एकच आहे. बंदरे, कारखान्यांचे सांडपाणी, खारफुटीची तोड यांचा भारही याच पट्टीवर पडतो. अरुंद वितरणाचा खरा धोका हा आहे. खोल समुद्रातील जातीला एक भाग बिघडला तर बाजूला सरकता येते. गाद्याच्या एका बाजूला जमीन असते व दुसऱ्या बाजूला त्याला न मानवणारे खोल पाणी. किनाऱ्याने पुढे सरकावे, तर तेथील खाडीचे ज्ञान नसते. नायलॉनच्या गळजाळ्यात अडकून श्वास कोंडणे हे या जातीच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. मादी प्रथम वितेपर्यंत सु. दहा वर्षे जातात व पुढेही तीन वर्षांनी एक पिलू होते, हे लक्षात घेता वर्षाला थोड्याशाच माद्या मेल्या, तरी ती तूट भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने सूसा प्लंबिया ही जाती ‘संकटग्रस्त’ ठरविली आहे. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीनुसार तिला संरक्षण आहे.

मच्छीमारांची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. गादे जाळ्यातील मासे ओढून खातात व जाळी फाडतात, अशी सिंधुदुर्गातील लहान होड्यांवाल्यांची तक्रार आहे व ती खोटी नाही. जाळ्यात आयते कोंडलेले मासे हे डॉल्फिनाच्या दृष्टीने ओहोटीच्या मुखासारखेच असतात, आणि एकाने शिकलेली युक्ती टोळीत पसरते. नुकसान सोसावे लागते ते प्रायः ज्यांच्याकडे एक-दोनच जाळी आहेत त्यांना. पर्ससीन जाळ्यांनी बांगडा व तारली यांचे थवे एकाच वेळी उचलले जाऊ लागल्यापासून रापणकर व गादे हे दोघेही उरलेल्या माशांच्या मागे लागले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. त्यांच्या अंमलबजावणीवरून वाद चालू राहिले आहेत.

१९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौ. किमी. आहे. प्रवाळ व किनाऱ्याजवळील इतर जीवांच्या दृष्टीने ते महत्त्वाचे असले, तरी गादा ते काही तासांत ओलांडून जातो. त्यामुळे त्याच्या बाबतीत एखादा चौकोन राखून ठेवण्यापेक्षा खाड्यांची मुखे, पिलांच्या वाढीचे उपसागर व त्यांना जोडणारी काठाची वाट यांचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते. २०१० नंतरच्या दशकात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर कोकण सीटेशियन रिसर्च टीम या अभ्यासगटाने या दृष्टीने पाहणी केली. तीत पृष्ठपक्षावरील खाचा व व्रण यांच्या छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखण्याची पद्धत वापरण्यात आली.

तारकर्ली, देवबाग, दापोली तालुक्यातील मुरूड-हर्णे इ. ठिकाणी डॉल्फिन दाखविण्यासाठी होड्या सोडल्या जातात. वऱ्हाड-नागपूरकडील बहुतेक प्रवाशांना डॉल्फिनाचे पहिले दर्शन येथेच घडते. एकाच टोळीभोवती अनेक यांत्रिक होड्या जमल्या, की यंत्रांच्या आवाजात प्रतिध्वनी बुडून जातो व शिकार थांबते; पिलू बरोबर असलेली मादी तेथून निघून जाते. यंत्र बंद करून थोड्या अंतरावर थांबल्यास टोळी बहुधा आपले काम चालू ठेवते, आणि होडीतील माणसांना ती अधिक वेळ पाहावयास मिळते. काही होडीवाले आता तसे करू लागले आहेत.